एक शब्द, दोन अर्थ: टी-३८ च्या फायनल टर्नमध्ये

टी-३८ या दोन आसनी प्रशिक्षण जेटमध्ये फायनल टर्नचा, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीकडे घेतलेल्या शेवटच्या वळणाचा, वेग पाठ करून भागत नाही, दर वेळी इंधन बघून काढावा लागतो. फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) पूर्ण खाली असताना टर्नला १७५ नॉट्स, धावपट्टीच्या रेषेत आल्यावर १५५. शिवाय १,००० पौंडांच्या वरच्या दर १०० पौंड इंधनाला १ नॉट जादा. त्या सकाळी २,३०० पौंड शिल्लक होते. पुढच्या सीटवरून आकडे बिनचूक आले: १८८ आणि १६८.

शिकाऊ वैमानिक एका देशाचा, मागे बसलेला मी, त्याचा प्रशिक्षक, दुसऱ्या देशाचा. टेक्सासमधल्या शेपर्ड तळावर हे रोजचंच. १९८१ पासून इथे नाटो देशांचे वैमानिक एकत्र शिकतात. कॉकपिटची भाषा इंग्रजी, आणि बहुतेकांसाठी ती परकी.

वारा टर्नच्या बाहेर ढकलणारा होता. अर्ध्या टर्नमध्येच दिसलं की विमान धावपट्टीची रेषा ओलांडणार. अशा वेळी हात आपोआप बँक (पंखांचा एका बाजूला कल) वाढवतो आणि स्टिक ओढतो. तेच झालं. ४५ अंशांचा बँक ५० च्या पुढे गेला, अंगाखाली बफे, म्हणजे पंखांवरची हवा सुटू लागल्याची थरथर, सुरू झाला.

मी म्हणालो, "बँक!"

मला म्हणायचं होतं, बँक जास्त झालाय. त्याने ऐकलं, बँक वाढव. विमान ६० अंशांवर गेलं, बफे जड झाला, वेग उतरू लागला. उंची राखून ४५ अंशांच्या वळणात स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो, सुमारे १९ टक्के वाढतो, ६० अंशांत ४१ टक्के. त्यात या विमानाचे पंख आखूड आणि पातळ. ते नाक खाली टाकून इशारा देत नाही. नाक वर ठेवूनच धपकन खाली बसू लागतं. डोळे धावपट्टीवर खिळलेले असले तर हे उशिरा कळतं, आणि इथे उंची हाताशी नसते.

"आय हॅव द एअरक्राफ्ट." ताबा मी घेतला.

"यू हॅव द एअरक्राफ्ट." त्याचे दोन्ही हात वर दिसले. थ्रॉटल थेट आफ्टरबर्नरवर, पंख समतल, स्टिकचा ताण थोडा सैल. इंजिनांना पूर्ण जोर धरायला काही क्षण लागतात, म्हणून थ्रॉटलला उशीर करून चालत नाही. गो-अराउंड: उतरणं सोडून पुन्हा वर.

खाली आल्यावर हेड-अप डिस्प्लेचं (वैमानिकाच्या डोळ्यांसमोरच्या पारदर्शक पडद्याचं) चित्रण दोनदा पाहिलं. त्याच्या इंग्रजीत काही उणं नव्हतं. चूक माझ्या शब्दात होती: नुसतं नाम, क्रियापद नाही. ताबा घेण्याची वाक्यं मात्र सगळ्यांनी एकाच साच्यात घोटलेली, म्हणून ती क्षणात पोचली. माझ्या मते संयुक्त प्रशिक्षणात उच्चारापेक्षा या साच्यावर जास्त तास घालवायला हवेत. आम्ही तीन वाक्यं ठरवली: "बँक कमी कर", "ओढणं सैल कर", "गो-अराउंड". नुसतं नाम कुणीही बोलायचं नाही.

दुसऱ्या उड्डाणात वारा तसाच होता. इंधन १,७०० पौंड, टर्नला १८२ नॉट्स. रेषा हुकतेय हे त्याला माझ्याआधी दिसलं. बँक ४५ वरच ठेवून तो म्हणाला, "गोइंग अराउंड."