खांद्यावरची सायकल

रविवार, रात्री

पुण्यात सायकलवाल्याची पत घाटावर ठरते. सिंहगड पाय न टेकता चढलात का, बोपदेवला किती वेळ लागला, या प्रश्नांच्या उत्तरांवर ओळख पुढे सरकते आणि चढावर उतरून चालत गेलेला माणूस नंतर चहाच्या टपरीवर तो विषय सहसा काढत नाही. माझीही घडण याच वातावरणातली. पहाटे निघावे, कात्रजची किंवा खडकवासल्याची बाजू धरावी, ऊन तापायच्या आत घरी यावे आणि अधूनमधून 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत सावकाश पुरी करावी, एवढीच माझी धाव. सायक्लोक्रॉसने, म्हणजे शेत, चिखल आणि अडथळ्यांतून छोट्या फेऱ्या मारायच्या सायकलशर्यतीने, या सगळ्याला धक्का दिला तो नेमका पाय टेकण्याच्या मुद्द्यावर. या शर्यतीची वाटच अशी आखतात की सायकलवरून उतरावे लागते, आणि उतरणे, उचलणे, पळणे व पुन्हा बसणे ज्याला सफाईने जमते तो पुढे निघून जातो.

आजची शर्यत कुणा संघटनेची नव्हती. खेड शिवापूरच्या पुढे आमच्या गटातल्या एकाच्या नातेवाइकांनी पावसाळ्यात पडीक ठेवलेली जमीन आहे. तिथे त्यांच्या परवानगीने फिती बांधून आम्ही जेमतेम दोन किलोमीटरांची फेरी आखली होती. आधी मुरमाचा सरळ पट्टा, मग गवतातली उलटसुलट वळणे, तिथून ओढ्याकाठची काळी माती, पुढे बांधाचा उभा चढ आणि शेवटी सेंट्रिंगच्या दोन फळ्या उभ्या करून केलेला अडथळा. फळ्यांची उंची 40 सेंटिमीटर आणि दोन फळ्यांमधले अंतर चार मीटर, ही मापे मात्र आम्ही आंतरराष्ट्रीय नियमांवरून घेतली. तिकडे फेरी अडीच ते साडेतीन किलोमीटरांची असते आणि तिचा किमान 90 टक्के भाग सायकल चालवण्याजोगा असावा लागतो. आमच्या वाटेने ही अट पाळली होती की नाही, हे ओढ्याकाठच्या चिखलाला विचारावे लागेल, कारण आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता.

उतरण्याचे तंत्र लिहून ठेवण्यासारखे आहे. फळ्यांच्या थोडे आधी उजवा पाय पेडलवरून काढून सीटच्या मागून डावीकडे आणायचा आणि क्षणभर एकट्या डाव्या पायावर उभे राहून सायकल तशीच पुढे जाऊ द्यायची. तोवर उजवा हात फ्रेमच्या वरच्या नळीवर आणि डावा ब्रेकच्या मुठीवर हवा. मग फळीच्या एक-दोन पावले अलीकडे डावा पाय सोडवून पळतच जमिनीवर यायचे. हे सगळे डाव्या बाजूने करायचे, कारण चेन आणि तिची दाती उजवीकडे असतात. आमच्या लहानपणी पेठांमध्ये पोस्टमन आणि दूधवाले जवळजवळ असेच उतरत, सायकल पुरती थांबण्याची वाट न पाहता. वडीलही तसेच उतरत आणि आम्ही तसे करायला गेलो की ओरडत. पुन्हा बसणे मात्र त्यांच्याहून वेगळे आहे. पेडलवर पाय न ठेवता पळता पळता उडी घ्यायची आणि उजव्या मांडीच्या आतल्या भागावर सीट झेलायची. ही उडी मला अजून पुरती साधलेली नाही. मधे एक जास्तीचे पाऊल पडते आणि तेवढ्यात पुढचा माणूस दोन सायकलींनी लांब जातो.

बांधावर फळ्यांइतके उचलून भागत नाही, तिथे सायकल खांद्यावरच घ्यावी लागते. त्यासाठी बाटलीचा स्टँड घरीच काढून ठेवला होता, म्हणजे फ्रेमच्या त्रिकोणात खांदा नीट बसतो. उजवा हात त्या त्रिकोणातून पुढे घालून हँडलचे डावे टोक धरले की पुढचे चाक वळून गुडघ्यावर आपटत नाही, आणि डावा हात तोल सांभाळायला मोकळा राहतो. पहिल्या फेरीत काही जणांनी घाटाच्या सवयीने तो चढ चालवतच जायचा प्रयत्न केला. ओल्या मातीत मागचे चाक जागच्या जागी फिरते, वेग चालण्याच्याही खाली येतो आणि मग निम्म्या चढावर, जिथे पाय रोवायला जागा नाही अशा ठिकाणी, उतरावे लागते. पायथ्यालाच उतरून पळालेले तोवर माथ्यावर पोहोचलेले असतात. सिंहगडावर मला हरघडी मागे टाकणारे दोघे आज बांधावर माझ्या मागे होते, याचा आनंद लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

जमिनीचे मालक, सत्तरीच्या पुढचे गृहस्थ, बांधाच्या माथ्यावर खुर्ची टाकून बसले होते. मी पहिल्यांदा सायकल खांद्यावर घेऊन वर आलो तेव्हा ते म्हणाले, "काय पाव्हणं, तुम्ही तिच्यावर बसायचं का तिनं तुमच्यावर?" दम असता तर उत्तर दिले असते. नंतरच्या फेऱ्यांत मात्र ते मन लावून पाहू लागले आणि कोण कुठे पाय टाकतो यावर प्रत्येकाला सूचना देऊ लागले. डावीकडून, गवताच्या कडेने चढा, तिथे मुळ्या आहेत, पाय सरकणार नाही, हे त्यांनीच सांगितले आणि ते तंतोतंत खरे होते.

काळी माती हा तर स्वतंत्र विषय आहे. ती टायरला चिकटते, टायरवरची पुढच्या फोर्कमध्ये अडकते, तीत गवत मिसळते आणि दोन फेऱ्यांत सायकलचे वजन खांद्याला जाणवेल इतके वाढते. आंतरराष्ट्रीय शर्यतीत टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, आणि चिखल अडकू नये म्हणून सायक्लोक्रॉसच्या सायकलींमध्ये चाकाभोवती पुरेशी जागा ठेवलेली असते. आमच्यात तशी सायकल एकच होती. बाकी सगळ्या ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याच्या) आणि एमटीबी (डोंगरवाटांच्या). रस्त्यावर मी 80 पीएसआय हवा भरतो, आज ट्यूबलेस टायरमध्ये जेमतेम 25 ठेवली होती, तरी चिखलात ती जास्त वाटली. मोठ्या शर्यतींत पिट असते, तिथे चिखलाने भरलेली सायकल देऊन दुसरी घेता येते आणि मेकॅनिक पहिली धुऊन तयार ठेवतो. आमच्या पिटमध्ये पाठीवरचा फवारणीचा पंप होता. त्याने फोर्कमधला चिखल चांगला निघाला, फक्त पंपात आधी कोणते औषध होते ते विचारून घेतले.

हा खेळ युरोपातला, शरद आणि हिवाळ्याचा. रस्त्यावर शर्यती खेळणारे थंडीत शेतांतून, कुंपणे आणि चर ओलांडत सायकली घेऊन हिंडत, त्यातून तो वाढला. फ्रान्समध्ये 1902 साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि 1950 साली पॅरिसमध्ये पहिली जागतिक स्पर्धा. ती जिंकणारा जाँ रोबिक तीनच वर्षांपूर्वी टूर द फ्रान्स जिंकलेला होता. आज मॅथ्यू व्हान डर पूलसारखे खेळाडू फळ्यांवरून सायकलसकट उडी मारून जातात, उतरतच नाहीत. ते पाहायला सुंदर आहे, पण उभ्या चिखलात आणि खोल वाळूत त्यांनाही सायकल खांद्यावर घेऊन पळताना पाहिले की मला जास्त बरे वाटते.

शर्यत चाळीस मिनिटांची होती. बीआरएममध्ये शक्ती राखून ठेवण्याची सवय लागते. इथे शिट्टी वाजल्यापासून श्वास लागतो तो शेवटपर्यंत खाली येत नाही, कारण पहिल्या अरुंद वळणाआधी जागा मिळवली नाही तर मग रांगेत अडकावे लागते. पण खरी मजा मागच्या बाकावर आहे. वाट फेऱ्यांची असल्यामुळे मागे पडलेला माणूस एकटा उरत नाही, त्याच्या जोडीला त्याच्याच वेगाचे कुणीतरी सतत सापडते. माझ्या वाट्याला एमटीबीवरचा एक कॉलेजातला मुलगा आला. उतारावर आणि वळणांवर तो मला गाठायचा, "काका, उजवीकडून येतो" असे म्हणून पुढे जायचा, आणि बांधावर मी पुन्हा त्याच्या पुढे. पहिल्या नंबरचा पठ्ठ्या आम्हा दोघांना मागे टाकून गेला, तेव्हा "सर, डावी बाजू" एवढेच ऐकू आले आणि आम्ही मुकाट्याने बाजूला झालो. मोठ्या स्पर्धांत पहिल्याच्या पहिल्या फेरीला लागलेल्या वेळेच्या 80 टक्क्यांइतके मागे पडलेल्यांना बाहेर काढतात. तो नियम आम्ही लावला असता तर आमची झुंज निम्म्यावरच संपली असती. लावला नाही, त्यामुळे आम्ही एक फेरी कमी करून का होईना, शेवटपर्यंत भांडलो. फळ्यांपाशी तो अडखळला, माझे ते जास्तीचे पाऊल याही वेळी पडलेच, आणि रेषेवर तो चाकभर पुढे निघाला. कितवा आलो ते मी विचारले नाही. त्या मुलाच्या मागे आलो, हे पक्के ठाऊक आहे.

संध्याकाळी सायकल धुताना दिसले की मागचे ब्रेक पॅड संपत आले आहेत; चिखलात मुरूम मिसळला की तो कानसीसारखा पॅड खातो. ते उद्या बदलून घ्यायचे. उडीचा सराव गवतावरच करावा असे त्या मुलाने सुचवले आहे, आणि तो स्वतः बांधाच्या चढासाठी माझ्याबरोबर तळजाईच्या टेकडीवर यायला तयार आहे. पुढची शर्यत दिवाळीच्या आत घ्यावी असे सगळ्यांचे मत पडले, कारण नंतर तो ओढ्याकाठचा पट्टा हरभऱ्याला लागणार आहे. मालक म्हणाले, तो पट्टा गेला तर फेरी पलीकडच्या टेकाडावरून न्या. तिथला चढ या बांधाच्या दुप्पट आहे, सगळा पळत जायचा, आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर त्याला पहिले मत माझे पडले आहे.