तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: पगार वाढत नाही

कारखानदारांच्या बैठकीत विचारतात, बँकेत विचारतात, मे महिन्यात मुंबईहून आलेले घरचेच भाचे विचारतात: "या वयात या बायकांना अक्षरं शिकवून त्यांचा पगार वाढतो का?" वेंगुर्ल्याच्या बाजूला काजू कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांचा संध्याकाळचा वर्ग मी चालवते, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. आजवर मी गोल उत्तर देत आले. धीटपणा येतो, मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष जातं, असं काहीबाही. ते खोटं नव्हतं, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. तर सरळ सांगते. नाही वाढत. काजू फोडणारीला किलोमागे पैसे मिळतात, आणि तिला जोडाक्षरं येतात की नाही हे काटा बघत नाही.

पण कापला जाणारा पगार कळतो. यांचा तोंडी हिशोब माझ्यापेक्षा पक्का आहे. पाव, अर्धा, पाऊण, दीड यांत त्या कधी चुकत नाहीत. अडतं ते वजनचिठ्ठीवर, टिंबाच्या पुढे. ७.५०० म्हणजे साडेसात किलो आणि ७.०५० म्हणजे सात किलो पन्नास ग्रॅम. चिठ्ठी लिहिणाऱ्याचं शून्य इकडचं तिकडे झालं की साडेचारशे ग्रॅम सोललेला काजूगर हवेत जातो, आणि तो तिने बोटं काळी करून काढलेला असतो. माझ्या वर्गात 'कमळ'च्या आधी दशांश टिंब येतं. पुस्तकात असा क्रम नाही, हे मला ठाऊक आहे.

बोटांचं निघालंच आहे, तर तेही सांगते. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. राख लावा, एरंडेल लावा, वर्षानुवर्षं काजू फोडायच्या मशीनवर बसलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उठत नाही. पुन्हा ठेवा, पुसून ठेवा, दुसरं बोट ठेवा, उद्या या. 'अंगठा येतो ना, मग सही कशाला?' असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या रांगेत उभं राहावं.

आता मुख्य गोष्ट. ही मी सहसा सांगत नाही, कारण ऐकणारा हमखास उलटा निष्कर्ष काढतो.

वयनी अकरा वर्षं एकाच कारखान्यात होत्या. नाव सांगत नाही. वर्गातही आम्ही वयनीच म्हणायचो. सही त्या बचत गटात शिकल्या होत्या. बँकेत खातं उघडायचं म्हणून गटात बायकांकडून सहीपुरती अक्षरं गिरवून घेतात, तेवढीच. माझ्याकडे त्या नंतर आल्या, आणि त्यातही भातलावणीचे खाडे, गणपतीचे खाडे. काना-मात्रा जमत होत्या. जोडाक्षरापाशी थांबायच्या.

कारखाना नव्या नावावर जाणार होता. मालक तेच, शेड तीच, मशीन त्याच. त्यासाठी जुन्या नावाखाली सगळ्यांचे राजीनामे हवे होते. तो शब्द मात्र कोणी काढला नाही. नव्या नोंदणीचे कागद आहेत, एवढंच सांगितलं. काम सुटायच्या वेळेला टेबल मांडलं, रांग लावली. क्लार्कने सवयीने वयनींपुढे शाईचं पॅड सरकवलं. वयनींनी ते बाजूला केलं. "माका सही येता," म्हणाल्या, आणि सही केली.

कागदावर दोनच परिच्छेद होते. मी स्वखुशीने राजीनामा देत आहे, हा एक. माझी सर्व देणी मला मिळाली असून यापुढे माझा कोणताही हक्क राहिलेला नाही, हा दुसरा. ग्रॅच्युइटीचा कायदा तेव्हा १९७२ सालचा होता. पाच वर्षं सलग नोकरी झाली की काम सोडताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. वयनींची अकरा वर्षं त्या सहीखाली गेली आणि नव्या नावाखाली त्यांची नोकरी पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात झाली.

त्याच रांगेत सही न येणाऱ्या बायकाही होत्या. अंगठा घ्यायचा तर 'मजकूर वाचून दाखवला' असं खाली लिहायचं आणि साक्षीदार घ्यायचे, अशी रीत आहे. क्लार्कने ती पाळली. भराभर, तोंडातल्या तोंडात, पण वाचलं. साठीला टेकलेल्या एका काकींच्या कानावर नेमका तो एक शब्द पडला. त्यांनी हात मागे घेतला. "राजीनामो? तो कित्याक?" त्यांचा कागद कोराच राहिला आणि पुढे त्यांना हिशोब करून पैसे द्यावे लागले.

मी वयनींना विचारलं, वाचलं नाहीत का? माझा आवाज चढला होता. त्या म्हणाल्या, "वाचलंय, बाई. पयलो शब्द वाचलंय, 'मी'. मगे माझा नाव. दोनय बरोबर होते. मागे रांग, भायर गाडी सुटत होती."

तक्रार केली. कामगार खात्याच्या कार्यालयात सुनावणी लागली. कारखान्याच्या बाजूने जो कागद पुढे आला तो माझ्या वर्गाच्या हजेरीची झेरॉक्स होता. वर्ग कारखान्याच्याच शेडमध्ये भरायचा, हजेरीवही त्यांच्या कपाटात असायची. युक्तिवाद साधा होता: या बाई साक्षरता वर्गाला जातात, सही स्वच्छ मराठीत आहे, मग वाचता येत नव्हतं हे कसं मानायचं? अधिकारी माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकवता. तुम्हीच सांगा, यांना वाचता येतं का?"

वयनी माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या. आठवड्यापूर्वीच मी त्यांना वर्गात, सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "वयनी, येतंय तुम्हाला, आता थांबू नका." आणि आता मी म्हटलं, "नाही. असा कागद त्यांना वाचता येत नाही." लिहून घेणाऱ्याला ऐकू गेलं नाही. ते वाक्य मला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मगे माका येता, काय येणा नाय?"

मी समजावलं. पाटी वाचता येणं वेगळं, कायद्याच्या भाषेतला कागद वेगळा, तो मलासुद्धा दोनदा वाचावा लागतो. सगळं खरं होतं. त्यांनी मान हलवली. पुढे तडजोड झाली, काही रक्कम मिळाली, पूर्ण नाही. वर्गाला त्या पुन्हा आल्या नाहीत. भेटतात, बोलतात, नातवाचं सांगतात. अक्षरांचं बोलत नाहीत.

त्या दिवशी मी दुसरं काय म्हणायला हवं होतं? पैसे त्यांचे होते आणि ते मिळायचा तोच एक रस्ता होता. उद्या पुन्हा विचारलं तर मी तेच सांगेन. तरीही तेव्हापासून कुठल्याही बाईला "येतंय तुम्हाला" म्हणताना माझी जीभ अडखळते.

हे ऐकून लोक लगेच म्हणतात, बघा, अंगठाच बरा होता. तो उलटा निष्कर्ष हाच. त्या काकी वाचल्या त्या अंगठ्यामुळे नव्हे. क्लार्कने रीत पाळली आणि त्यांचे कान शाबूत होते, म्हणून वाचल्या. पुढचा क्लार्क न वाचता 'वाचून दाखवला' लिहील, तेव्हा काय करायचं? पण एवढं कबूल करते की त्या एका संध्याकाळी अर्धवट अक्षरांनी वयनींचं नुकसान केलं आणि निरक्षरपणाने काकींना राखलं. ते मला अजून पचलेलं नाही.

मी या कामात आले तेव्हा माझं मत ठाम होतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती काही कारखान्याला बरे मजूर मिळावेत म्हणून नव्हे, असं मी तावातावाने सांगायचे. कामाच्या उपयोगाचं तेवढंच शिकवा म्हणणाऱ्यांशी भांडायचे. माणूस आधी, मजूर नंतर. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, की वजनचिठ्ठी न शिकवता तू कुठला माणूस घडवणार होतीस? पण तीही गप्प बसत नाही. ती विचारते, की चिठ्ठ्या आणि पासबुकं शिकवता शिकवता श्रावणात पोथी वाचायची हौस असलेल्या त्या बाईला तू किती महिने थांबवलंस? तिचंही बरोबर आहे. दोघींचा निकाल माझ्याकडून लागलेला नाही.

सरकारी बाजूबद्दलही विचारता. सध्या 'उल्लास' हा केंद्र सरकारचा साक्षरता कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांवरच्या कोणालाही खुला. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची चाचणी, प्रत्येकी ५० गुण, एकूण १५०. माझ्या बायका देतात, पास होतात, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावतात. मला त्याचा आनंद आहे आणि त्यावर टीका करायची नाही. फक्त त्या चाचणीत मागे रांग नसते, गाडी सुटत नसते, समोर पगार देणारा माणूस बसलेला नसतो. वयनी ती चाचणी कदाचित पास झाल्या असत्या.

म्हणून आता वर्गात मी क्लार्क होते. कागद पुढे ढकलते, घाई करते, "अहो, सही करा, बाकीच्यांना उशीर होतोय" म्हणते. समोरच्या बाईने म्हणायचं, "थांबा, मी वाचतंय." किंवा "कागद घरी नेतंय, उद्या देतंय." सुरुवातीला शब्द फुटत नाही. अक्षरांपेक्षा याला जास्त दिवस लागतात. हे शिक्षण नव्हे, असं मला एका जाणत्या माणसाने सांगितलं. असेलही. मी ते सोडणार नाही.

मोबाइल वाचून दाखवतो, मग कशाला एवढा खटाटोप, हा तुमचा दुसरा प्रश्न. दाखवतो, आणि मी तोही वापरायला शिकवते. पण खाण्याच्या वस्तूंचा कारखाना आहे. फोन दारातल्या कपाटात ठेवून आत जावं लागतं. सह्या आतच घेतात.

तुमच्यापैकी जे कारखाने चालवतात, त्यांना माझी एक विनंती आहे. पगार वाढतो का हे मला विचारू नका, तो वाढवणं तुमच्या हातात आहे. ज्या कागदावर सही हवी तो आदल्या दिवशी द्या, साध्या मराठीत, मोठ्या टायपात. सही येणाऱ्या बाईलाही तो मोठ्याने वाचून दाखवा. आणि हजेरीवही यापुढे माझ्या घरी राहील.