तिसऱ्यांची भुकटी आणि थेंबभर खोबरेल: सातवी खेप

बाटल्यांची झाकणं वितळवून, त्यात भुकटी मिसळून साच्यात पट्ट्या ओततो; ही त्याची सातवी खेप. श्रावण लागायच्या आत तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांच्या) शिंपल्या जमवून ठेवल्या होत्या, कारण नंतर महिनाभर आमच्या फोंड्याच्या घरात तिसऱ्या शिजत नाहीत. मागच्या खेपेला खडूची भुकटी होती, यंदा शिंपल्यांची. दोन्हीकडे मुख्य माल कॅल्शियम कार्बोनेटच. फक्त शिंपलीत थोडा सेंद्रिय अंश असतो, तो आधी घालवला नाही तर साचा भरताना केस जळाल्यासारखा वास सुटतो. म्हणून निखाऱ्यावर भाजल्या, मास्क लावून कुटल्या आणि मलमलीतून चाळल्या. (खलबत्ता आता माझाच झालाय, आईने नवा मागितलाय.)

बाटल्यांची एचडीपीई (जाड, टणक पॉलिथिन) झाकणं 80 ग्रॅम, भुकटी 20 ग्रॅम. 20 टक्के म्हणजे पुष्कळ वाटतं. पण भुकटी झाकणांच्या जवळजवळ तिप्पट जड, त्यामुळे आकारमानाने ती जेमतेम 8 टक्के भरते.

पट्टी दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध लिटरभर पाण्याची बाटली टांगली. नुसत्या झाकणांची पट्टी 8 मिलिमीटर वाकली, भुकटीची साडेसहा. ताठपणा आला, पण हाताने दुमडायला गेलो तर कट्‌कन तुटली. साधी पट्टी पांढरी पडते, तुटत नाही. तुटलेल्या तोंडावर भिंग धरलं आणि कारण दिसलं: पांढऱ्या गुठळ्या. भुकटीचे कण प्लास्टिकपेक्षा एकमेकांनाच धरून बसतात, आणि आपल्या हँड मोल्डिंग मशीनमध्ये (दांडा दाबून वितळलेला माल साच्यात ढकलायचं यंत्र) त्यांना फोडणारा स्क्रू नाही. तडा तिथूनच निघतो.

मग पाव चमचा खोबरेल, प्लास्टिकला नाही, आधी भुकटीलाच चोळलं. दांडा हलका झाला, गुठळ्या कमी दिसल्या, पट्टी बरीच वाकून मग तुटली. बॅरल, म्हणजे माल वितळतो ती नळी, 180 अंश सेल्सिअसवर ठेवलं; घाण्याचं तेल त्याच्या आसपास धुरायला लागतं, तेव्हा माल आत रेंगाळू द्यायचा नाही. जवसाचं तेल मुद्दाम टाळलं, ते हवेत वाळून चिकट होतं.

पुढे हाव सुटली. तेल 5 ग्रॅमवर नेलं. पट्टी साच्यातून लोण्यासारखी सुटली, चकाकीही छान. पण वाक 9 मिलिमीटर, आणि सकाळी पृष्ठभाग घामेजलेला, बोटाला तेलकट. एचडीपीईत हे तेल नीट मुरत नाही, ते वंगण म्हणूनच वागतं. सोयाबीन तेलावर प्रक्रिया करून पीव्हीसी मऊ करतात ती गोष्ट वेगळी, तिथे ते प्लास्टिकच्या लांब रेणूंच्या साखळ्यांमध्ये जाऊन बसतं.

आठव्या खेपेला तेलाऐवजी मेणबत्तीवाल्यांकडचं स्टिअरिक ॲसिड (मेणासारखं घट्ट स्निग्ध आम्ल), भुकटीच्या 1 टक्का. कारखान्यांत भुकटीला याचंच अस्तर देतात. आणि भुकटी आदल्या रात्री तव्यावर पुन्हा वाळवायची; या हवेत डबा उघडा राहिला की ओल धरते, आणि पट्टीत बुडबुडे येतात.