अंतर वजा केल्यावर

गोवाला हे ॲप २०१२ साली बंद पडलं, पण त्याच्या डेटावर आमच्या क्षेत्रात, म्हणजे माणसांमधल्या नात्यांच्या जाळ्यांच्या अभ्यासात, आजही काम चालतं. हॉटेल, विमानतळ, बाग, जिथे जाल तिथे 'मी इथे आहे' अशी नोंद करायची, म्हणजे चेक-इन. स्टॅनफर्डने खुल्या केलेल्या संचात १,९६,५९१ माणसं आहेत, त्यांच्यातली साडेनऊ लाख मैत्रीची नाती आहेत आणि फेब्रुवारी २००९ ते ऑक्टोबर २०१० मधले चौसष्ट लाखांवर चेक-इन आहेत. नावं नाहीत, नुसते क्रमांक. माझ्या एम.टेक.च्या विद्यार्थिनीला या जाळ्यातले घट्ट गट शोधायचे होते.

आपसांत दाट नाती असलेले गट शोधणारी लुव्हां ही गणनपद्धत (अल्गोरिदम) चालवून तिने गट पाडले. पंचवीस किलोमीटरच्या ज्या चौकोनात एखाद्याचे सर्वाधिक चेक-इन, तिथे त्याचं घर धरलं आणि गटागटाला रंग दिले. अमेरिकेतलं ऑस्टिन एका रंगात, स्वीडनचं स्टॉकहोम दुसऱ्या.

"सर, हा तर नकाशाच परत काढला आपण," ती म्हणाली.

अगदी मुद्द्याचं बोलली. जवळ राहणाऱ्यांची मैत्री होतेच, त्यासाठी अल्गोरिदम कशाला? ही पद्धत 'अपेक्षेपेक्षा जास्त नाती' मोजते, पण ती अपेक्षा फक्त कुणाला किती मित्र आहेत यावरून ठरते. अंतराचा त्यात विचारच नाही. २०११ मध्ये संशोधकांनी बेल्जियमच्या फोन-डेटावर नेमकं हेच दुरुस्त केलं. इतक्या अंतरावर साधारण किती संपर्क असतो, हे डेटावरूनच काढून अपेक्षेत धरलं. तेव्हा डच आणि फ्रेंच बोलणाऱ्यांचे दोन मोठे गट स्पष्ट वेगळे झाले.

आम्हीही तसंच केलं. दुपारनंतर निकाल आला आणि शहरांचे गट विस्कटले. त्यातल्या एका गटावर माझी नजर खिळली. घरं अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर आणि मधेही विखुरलेली, एकमेकांतली मैत्री मात्र दाट. आम्ही त्यांच्या चेक-इनच्या ओळी तारखेने लावल्या. मार्च २०१० च्या मध्यावर एकामागून एक अक्षांश ३०.२६, रेखांश उणे ९७.७४. ऑस्टिनचा मध्यभाग! वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे ऑस्टिनच्या पुढे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, असल्याने तिथल्या रात्रीच्या नोंदी पुढच्या तारखेला पडल्या होत्या, त्या मागे ओढल्यावर चित्र आणखी स्वच्छ झालं. १२ ते २१ मार्चला ऑस्टिनमध्ये साउथ बाय साउथवेस्ट हा संगीत, चित्रपट आणि तंत्रज्ञानाचा महोत्सव होता. गोवालाही ऑस्टिनचंच.

ती हरखून गेली, मीसुद्धा. असा क्षण रोज येत नाही. तिने लगेच प्रबंधात वाक्य टाइप केलं: 'महोत्सवात भेटून यांची मैत्री झाली.'

ते वाक्य मी काढायला लावलं. चेक-इनला तारीख आहे, मैत्रीला नाही. फाइलमध्ये मैत्री म्हणजे दोन क्रमांक शेजारी शेजारी, बस्स. आधीची मैत्री म्हणून ते एकत्र गेले, की तिथे भेटून मित्र झाले, हे या डेटावरून कुणालाही सांगता येणार नाही. फार तर मार्चपूर्वी त्यांचे चेक-इन एकाच ठिकाणी, एकाच सुमारास पडत होते का, एवढं पाहता येतं. ती लगेच त्या कामाला लागली.

आणखी एक गोष्ट मी तिथेच बंद केली. एका क्रमांकाचे रात्रीचे चेक-इन वारंवार एकाच बिंदूवर पडत होते, दशांश चिन्हानंतर कितीतरी आकडे. नाव नसलं तरी ते कुणाचं तरी दार आहे. प्रबंधातल्या नकाशांत शहराच्या पातळीखाली जायचं नाही, असं आम्ही ठरवलं आणि ती तपशीलवार चित्रं तिने तेव्हाच डिलीट केली.