विमानाचा पत्रा आणि तो अर्धा तास

जुन्या विमानाचा पार्ट आणता कुठून, असं लोक विचारतात, तर बहुतेक वेळा तो आणता येतच नाही, बनवावा लागतो. 1940 च्या आसपासचं विमान असेल तर कंपनी बंद, डाय, म्हणजे पार्ट दाबायचे साचे, कधीच भंगारात गेलेले, ड्रॉइंग मिळालं तर नशीब. मग पंखातला जुना रिब, म्हणजे पंखाला आकार देणारी आतली फासळी, पांढरी पावडर धरलेला, कडेला पापुद्रे सुटलेला, तोच आपलं ड्रॉइंग. त्यावरून कडक लाकडाचा फॉर्म ब्लॉक, म्हणजे त्या आकाराचा ठोकळा, करायचा, पत्रा त्यावर दाबून कडा मोगरीने हळूहळू वळवायच्या.

पण पत्रा कुठला घेता त्यावर सगळं आहे. विमानाच्या स्ट्रक्चरला जास्त करून 2024 नंबरचा पत्रा, म्हणजे तांबं मिसळलेलं ॲल्युमिनियम. टी 3 या आधीच कडक केलेल्या अवस्थेत तो इतका कडक असतो की काटकोनात घट्ट वाकवला तर बेंडवरच तडा जातो. म्हणून भट्टीत साधारण 495 डिग्रीला तापवून लगेच पाण्यात बुडवायचा, आणि बाहेर काढल्यावर साधारण अर्धा तास तो मऊ राहतो, जे काय ठोकायचं ते तेवढ्यात ठोकून घ्यायचं, कारण नंतर तो नुसता पडल्या पडल्या आपोआप कडक होत जातो, चारेक दिवसांत जवळपास पूर्ण ताकद येते. आल्फ्रेड विल्म या जर्मन माणसाच्या हे 1906 मध्ये लक्षात आलं आणि त्यातूनच ड्युरॅल्युमिन हा कडक होणारा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू निघाला. वेळ कमी पडत असेल तर पत्रा डीप फ्रीजरमध्ये ठेवतात, थंडीत कडक होणं लांबतं. 2024 चे रिव्हेट पण असेच फ्रीजरमधून काढून लगेच मारतात. मला हे अजूनही जादूसारखं वाटतं, खरंच.

आणि हो, मार्किंग शिसपेन्सिलीने अजिबात नाही! ग्रॅफाइट ॲल्युमिनियमला खातं. मार्कर वापरा. कापलेली कड पॉलिश करा, तडा तिथल्या चरातूनच सुरू होतो. 5052 हा कमी ताकदीचा ॲल्युमिनियम पत्रा सहज वळतो म्हणून तो 2024 च्या जागी लावणं तर मला अजिबात मान्य नाही, त्या विमानात उद्या माणूस बसणार आहे.

हवाई दलाचं परशुराम हे जुनं डाकोटा विमान 2018 मध्ये ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन इकडे उडत आलं. अभिमान वाटलाच, पण असं काम पुण्यात का होऊ नये? भोसरी-चाकणला पत्रा कळणारी माणसं ढिगाने आहेत आणि कसब्यात तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची तांबट आळी आहे. तिथे मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोकून भांडं घडवणं, करताना बघा, भांड्याची कड आत घेताना धातू जमा करत जातात, सुरकुती पडू न देता. रिबची बाहेरगोल कड वळवताना नेमकं हेच करावं लागतं. शीट मेटलमधल्या पोरांनी एक रविवार तिकडे काढा, आणि येताना आधी कारागिरांना विचारून हातोड्यांचे फोटो काढून आणा, प्रत्येकीचं तोंड वेगळं असतं.