खालचा भाग असा का सोडलात?

"ताई, सगळी बाग नवी केलीत, मग नदीकडचा भाग अर्धवट का सोडलात?" पुण्यात सिंहगड रस्त्यालगत, मुठेकाठच्या आमच्या छोट्या बागेबद्दल हे मला सारखं विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. बागा आखणं हे माझं काम आहे आणि तो भाग मुद्दामच तसा आखलाय.

मुळात ही जागा उरली तीच पूररेषेमुळे. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथे, इमारत उठवता येत नाही. नाहीतर आजच्या भावात तिथे झोपाळा कोण टांगू देणार होतं?

भोवतालच्या तीन मजली सोसायट्या पुनर्विकासात गेल्या. बिऱ्हाडं वाढली, अंगणं पार्किंगखाली गेली. त्यामुळे पोरांना खेळायला हीच बाग, आणि मातीत मुरणारं पाणीही आता पहिल्याच सरीला थेट नदीकडे. बैठकीत मागण्या आल्या त्या ट्रॅक, जिम, कारंजं, सेल्फी पॉइंट अशा. वर, "इथे कुठे येतंय हो पाणी!"

येतं. वर खडकवासला धरण आहे. जुलै २०२४ मध्ये तिथला विसर्ग ३५,००० क्युसेकच्या (सेकंदाला तितके घनफूट पाणी) घरात गेला आणि याच रस्त्यालगतच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. ओसरल्यावर मी बागेत गेले, तर जुन्या ट्रॅकखालची कच वाहून जाऊन पेव्हर ब्लॉक इतस्ततः पडलेले, विजेच्या बोर्डात गाळ. करंज मात्र जागच्या जागी, आणि त्याच्या फांद्यांना माझ्या डोक्याच्याही वर प्लास्टिकच्या पिशव्या लोंबत होत्या. त्या पिशव्यांची उंची टेप लावून मोजली, फोटो काढले. नकाशावरच्या निळ्या रेषेवर वाद घालणारी मंडळी ते फोटो बघून गप्प झाली.

म्हणून खेळणी, जिम, बोर्ड, स्वच्छतागृह सगळं वर, रस्त्याच्या पातळीला. खाली करंज, उंबर, वाळुंज, गवत आणि दगडी पायऱ्या. बाक अखंड दगडाचे. गाळ बसला की पाइप मारायचा, झालं काम.

"भिंत बांधून टाका ना एकदाची," असंही सुचवलं जातं. बांधता येईल. पण पात्र आवळलं की पाणी चढतं, आणि आपल्या भिंतीमुळे ते समोरच्या काठावरच्यांच्या घरात घुसणार. त्यांच्याकडे बघून मी तरी नाही बांधणार.

दिवेही खाली लावणार नाही. अंधार पडला की खालचं फाटक बंद. ज्येष्ठांची एक तक्रार मात्र रास्त आहे, पायऱ्यांना धरायला काही नाही. कठडा करायला दिलाय. पावसाळ्याआधी उपसून वर ठेवता येईल असा. तो काढायचा कुणी, यावर सध्या दोन सोसायट्यांची जुंपली आहे.