फुंक बरोबर होती, फ्ल्यूटच गळत होती

जुनी फ्ल्यूट दुरुस्तीला टाकणार असाल तर पावतीवर नेमका बिघाड लिहून घ्या. नुसतं 'सर्व्हिसिंग' लिहिलं की दुकानदार मोकळा. मी काउंटरवर उभी राहून 'खालचे सूर लागत नाहीत' असं लिहायला लावलं होतं, म्हणून नंतर भांडता तरी आलं.

बांबूची बासरी मी कॉलेजपासून वाजवते. धातूची, कळांची फ्ल्यूट हवी होती, पण नवीचे पैसे मोजायची तयारी नव्हती. नेरूळला एका घरी मुलाने शाळेपुरती वाजवून कपाटात टाकलेली साडेतीन हजारांत मिळाली. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला आणली. वरचे सूर झकास लागायचे. खाली ई, डी, सी या पाश्चात्य सुरांकडे गेलं की नुसती हवा.

ठाण्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात दिली. "सगळे पॅड गेलेत, सेट बदलावा लागेल." पॅड म्हणजे भोकाच्या झाकणाखालची मऊ गादी. बदला म्हटलं. मग सुरू झालं: पॅड मागवलेत, पार्सल अडकलंय, कारागीर गावाला गेलाय, आता गणपतीनंतरच या. फोन केला की "तुमचंच काम हातात घेतलंय." हातात काही नव्हतं, एकदा न सांगता गेले तर फ्ल्यूट मी दिली त्याच पिशवीत, त्याच गाठीसकट.

शेवटी मिळाली. पॅड नवेकोरे, खालचे सूर तस्सेच. दुकानदाराने माझ्या हातातून घेतली, कळा करकचून दाबल्या आणि एक सूर काढून दाखवला. "बघा, वाजते की. मॅडम, ही बासरी नाही. हिला फुंक वेगळी लागते. क्लास लावा." त्या 'क्लास लावा'चा राग अजून गेलेला नाही.

खरं काय होतं ते ऐका. खालचा सी काढायला वरपासून खालपर्यंत सगळी भोकं बंद लागतात. मधे कुठेही केसाएवढी फट असली की सूर उठतच नाही. बांबूच्या बासरीत भोक बोटानेच झाकतो, गळलं तर बोटाला कळतं. इथे बोट आणि भोक यांच्यामध्ये कळ, झाकण आणि पॅड; बोटाला पत्ताच लागत नाही. त्यात कळा एकमेकींत गुंतलेल्या. बोएम नावाच्या जर्मन माणसाने १८४७ साली बसवलेली ही रचना. उजव्या हाताच्या तीन मुख्य कळांपैकी कुठलीही दाबली तरी ती स्वतःचं झाकण तर मिटतेच, शिवाय एफ शार्पचंही मिटते. दोन्ही झाकणं एकाच क्षणी टेकली नाहीत तर एक उघडं राहतं. त्यासाठी बारीक स्क्रू असतात. आमच्या कारागिराने त्यांना हातही लावला नव्हता.

हे सगळं मला कळलं ते कळव्याच्या एका काकांकडून. जांभळी नाक्याजवळ वरात चालली होती, तिथल्या क्लॅरिनेटवाल्याला गाठून "तुमची वाद्यं कोण दुरुस्त करतं?" विचारलं, त्याने या काकांचं नाव सांगितलं. ठाण्यात कुणाला फुंकवाद्याचा कारागीर हवा असेल तर बँडवाल्यांनाच विचारा, दुकानात नको. काकांनी वाजवून बघितलंच नाही. सिगारेट वळायच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली सरकवली, कळ अलगद मिटली आणि पट्टी ओढली. बिजागरीच्या बाजूला पट्टी घट्ट धरली जायची, समोरच्या बाजूने सुळकन निघून यायची. "जाड पॅड ठोकलेत, ताई. मागे आधी टेकतंय, पुढे उघडं." करकचून दाबलं की फट मिटते, म्हणून दुकानदाराचा सूर लागला होता!

काकांनी पातळ पॅड घातले, कुठे खाली कागदी चकत्या देऊन पातळी साधली, स्क्रू जुळवले. पट्टीने पुन्हा चारी बाजू तपासल्या. डोक्याकडचं बूचही सरकलं होतं. हे तुम्हाला घरीच बघता येतं: फ्ल्यूटबरोबर मिळणाऱ्या सफाईच्या काडीवर टोकापासून १७ मिलिमीटरवर खूण असते. काडी आत बुचाला टेकवली की ती खूण फुंकायच्या भोकाच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. नाहीतर वरचं आणि खालचं सप्तक जुळत नाही.

संध्याकाळी खालचा सी लागला, अलगद बोटांनी. दुसऱ्या दिवशी तो दुकानात जाऊन वाजवून दाखवला आणि पावती पुढे केली. अर्धे पैसे परत मिळाले.

जुनी घेताना बाकी चकाकी बघू नका. सगळ्यात खालचा सूर हळू दाबून वाजवायला सांगा. विकणाऱ्याला वाजवता येत नसेल तर कागदाची पट्टी खिशात ठेवा. पावसाळ्यात पॅड चिकटून कळ उचलताना चट्‌चट् आवाज येतो, तेव्हाही हाच कागद. डिंकाची कड कापून टाकायची, पॅडखाली ठेवून कळ हलकेच मिटायची, उघडायची, मगच कागद काढायचा. घट्ट दाबलेला असताना ओढलात तर पॅडवरचा पापुद्रा फाटतो. पावडर लावू नका, थर बसतो. कागद पानाच्या कुठल्याही गादीवर मिळतो.